दाजी आणि झोपलेले जंतू

बीड जिल्ह्यात जंतूंशी जन्माचं वैर धरून बसलेला एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. धारूरकडच्या एका दूध संघात गाईम्हशींना कृत्रिम रेतन करणं ही त्यांची नोकरी. वळूचं रेत भरलेल्या बारीक कांड्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या असत, आणि ती टाकी दाजींच्या घरी थेट देवघराशेजारी. "थंडीनं जंतू मरत न्हाईत, निस्ते झोपत्यात," असं ते पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगत. मग पाहुणेही चहाचा फुरका हळूच मारत.

दुष्काळात टँकर आठवड्यानं येई. दाजींनी स्वतःची अंघोळ बंद केली आणि ते पाणी हात, कांडी कापायची कात्री नि गाईचं मागचं अंग धुवायला राखून ठेवलं. संघातला सगळ्यात स्वच्छ कामगार गल्लीच्या टोकावरून वासानं ओळखू येऊ लागला. ताईनं तोंड वाजवलं, तर म्हणाले, "मला कुठं गाभण ऱ्हायचंय?"

गाय गाभण न राहता पुन्हा माजावर आली की ती उलटली म्हणतात. संघाच्या सभेत चाऱ्याची चर्चा चालू असताना एक संचालक मधेच म्हणाले, "गाई लई उलटायल्यात. कांडीत आणखी दवा घाला की!"

दाजी ताडकन उठले. "कांडी भरतानाच जंतूंची दवा घातलेली असती, सायेब. वरून वतली तर रेत मरंल अन् जंतू शिकून शाणे व्हतील!" चारा राहिला बाजूला, तासभर जंतूंच्या शिक्षणावर भाषण झालं.

त्याच वर्षी आईची कपिला तीनदा उलटली. "या खेपेला न्हाई ठरली तर बाजार," वडिलांनी निक्षून सांगितलं. आईचा सगळा जीव त्या गाईत. दाजी आले, तेव्हा घरात एकच हंडा पाणी होतं. त्यातलं अर्धं त्यांनी गाईला नि स्वतःच्या हातांना लावलं.

"जावईबापू, प्यायला तर ठिवा!" आई पदराआडून ओरडली.

"मामी, तहान उद्या भागंल. जंतू आत गेला तर गाय गेली." एवढं बोलून त्यांनी कोमट पाण्यात थर्मामीटर बुडवला, कांडी वितळवली आणि धुतलेला रुमाल दोनदा हुंगून मगच त्यानं ती पुसली.

गाय उलटलीच तर एकविसाव्या दिवसाच्या आसपास. दाजी विसाव्यालाच येऊन कपिलेसमोर बसले ते तीन दिवस हलले नाहीत. कपिला निवांत रवंथ करत होती. तिसऱ्या संध्याकाळी वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिला दावणीला." दाजींनी मनगटानं डोळे पुसले आणि लगेच हात धुवायला पाणी मागितलं. आईनं भरलेला तांब्या पुढं केला.

मी आयुष्यभर दाजींची टिंगल केली. त्या संध्याकाळी त्यांच्या पाया पडावंसं फार वाटलं, पण धाकटा मेव्हणा ना मी, हसण्यावारी नेलं. आता दाजी नाहीत, आणि ते मला सलत राहतं.