सारस छापचा शेंदरी

छापखान्यात दोन प्रकारची माणसं असतात, अक्षरवाली आणि रंगवाली. मी अक्षरवाला. तुमसरच्या आमच्या छापखान्यात मागच्या खोलीत बसून मी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, नाटकांच्या जाहिराती. अक्षरवाल्याची चूक गावभर होते. एक नाव चुकलं की नवरदेवाचा बाप पत्रिका घेऊन दारात उभा. रंगवाल्याचं तसं नाही. त्याची चूक कोणाला दिसत नाही, आणि दिसली तरी तिच्यावर बोट ठेवता येत नाही. या गोष्टीचा मला फार राग यायचा. जागेश्वरमुळे तो राग गेला, पण त्याला चौदा वर्षं लागली.

जागेश्वर मोहाडीकडच्या एका खेड्यातला, धानवाल्या घरातला धाकटा मुलगा. धानाच्या बांधीत, चिखलात उतरायचा त्याला मनापासून कंटाळा, म्हणून मामाकडे तुमसरला आला आणि पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर लागला. छापखाना श्यामरावांचा. पण श्यामरावांचा खरा धंदा बिडीचा. 'सारस छाप' बिडी त्यांची. लेबलावर सारसाची जोडी आणि मागे भडक शेंदरी रंग. ओढणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वाचता येत नसे. ते दुकानात 'सारस' म्हणत नसत, "शेंदरी दे" म्हणत. त्यामुळे त्या रंगाला श्यामराव जिवापेक्षा जपायचे. बाहत्तर साली त्यांनी दोन रंगांचं ऑफसेट मशीन आणलं ते या लेबलासाठीच, आणि त्यावर जागेश्वरला उभं केलं.

शेंदरी तयार कसा होतो ते मला त्यानेच सांगितलं. खाली पिवळा, त्यावर लाल. शाईच्या हौदाला ओळीने चाव्या असतात. चावी उघडली की त्या पट्ट्यात शाई जास्त, आवळली की कमी. जागेश्वर चाव्या फिरवायचा, एक ताव उचलायचा, दाराच्या उजेडात जायचा आणि मान तिरकी करून नमुन्याशी ताडून बघायचा. मग म्हणायचा, "बस." त्या 'बस'नंतर मालकसुद्धा बोलत नसत. माल पोचवणारे लोक सांगत, लाखांदूरला घ्या की सिहोऱ्याला घ्या, बंडलाचा रंग एकच. श्यामराव पाहुण्यांना मुद्दाम मशीनपाशी आणत आणि म्हणत, "मशीन विलायती आहे, पण डोळा आपला आहे." मी आत खिळे चिवडत हे ऐकायचो आणि नाक मुरडायचो.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्राची पूजा व्हायची. ती कुठे होत नाही? पण आमची एक जादा रीत होती. मशीन धुऊन पुसून, हार घालून, नारळ फोडून झालं की जागेश्वर सारस छापचा एक ताजा ताव काढायचा. गेल्या वर्षीच्या तावाशी रंग जुळवून. त्याच्या कोपऱ्याला कुंकू लागायचं आणि तो मशीनच्या वर भिंतीवर टांगला जायचा. तो पूजेचा ताव. पुढचं वर्षभर सगळी लेबलं त्याच्याशी ताडायची. जुना ताव मात्र ठेवायचा नाही. देवाला वाहिलेला कागद रद्दीत कसा घालणार? तो फुलांसोबत माडगीला नेऊन वैनगंगेत सोडायचे. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर चुका शोधायचीच भाकरी खात होतो.

शहाऐंशी साली दसऱ्याच्या तोंडावर नवं मशीन आलं. त्याच्याबरोबर एक टेबल होतं. छापलेला ताव त्या टेबलावर पसरायचा. तावाच्या कडेला रंगाच्या बारक्या चौकोनांची पट्टी छापलेली असायची. टेबलावरचा एक डोळा त्या पट्टीवरून सरकत जाऊन कुठे किती शाई पडली ते मोजायचा, आणि मशीनच्या चाव्या आपोआप फिरायच्या. कोणी हात लावायचा नाही. मुंबईहून इंजिनिअर आला होता, भला माणूस, कामापुरता बोलणारा. तो जागेश्वरला म्हणाला, "तुमचा पक्का नमुना द्या. एकदा त्याचे आकडे यात भरले की मशीन ते सोडणार नाही. दहा वर्षांनीही हाच रंग येईल."

जागेश्वर खूश झाला. मला वाटलं होतं तो चिडेल. उलट म्हणाला, "मी मेलो तरी शेंदरी तसाच राहन म्हना." आणि पूजेचा ताव कोणाचा हात लागून मळू नये म्हणून कागदात गुंडाळून दुपारच्या जेवणाला जाताना घरी घेऊन गेला.

त्याची बायको कुंताबाई घरीच बिड्या वळायची. दसऱ्याची झाडलोट चालू होती, लोखंडी पेटी रिकामी करून तिने अंगणात उन्हाला ठेवली होती, झाकण उघडं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक लेबल चिकटवलेलं होतं. जागेश्वरने ऑफसेटवर पहिल्यांदा काढलेलं, बाहत्तर सालचं. तिने हौसेने लावलं होतं. पेटी अंधाऱ्या खोलीत असायची, त्यामुळे त्या लेबलाला ऊन माहीत नव्हतं की धूळ. जागेश्वर पाय धुऊन वळला आणि उभाच राहिला. मग त्याने गुंडाळलेला ताव उलगडला आणि झाकणाशेजारी धरला.

झाकणातलं लेबल शेंदरी होतं. हातातला ताव विटेच्या रंगाचा होता.

"हे काय होय?" तो म्हणाला.

"काय म्हंजे?" कुंताबाई सुपातून मान वर न करता म्हणाली. "पयला असाच होता. मंग काळपट होत गेला."

"तुले दिसत होतं?"

"साऱ्या बायायले दिसत होतं जी. आमाले वाटलं, मालकानं बदलवला असन."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तुमाले?" आता तिने वर पाहिलं. "रंगातलं तुमाले कोन सांगन?"

हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं, आणि मी ते ऐकून मनात चडफडलो, इतकं त्याचं कारण साधं होतं. पूजेचा ताव वर्षभर भिंतीवर. शेजारच्या शेडमधली तंबाखूची धूळ, उदबत्तीचा धूर, तेलकट हात. ताव थोडा काळवंडायचा. पुढच्या दसऱ्याला जागेश्वर त्या काळवंडलेल्या तावाशी रंग जुळवायचा, अगदी तंतोतंत. पिवळा किंचित कमी, लाल किंचित जास्त. असे चौदा दसरे. आणि मागे वळून बघायला एकही जुना ताव नाही, सगळे नदीच्या तळाशी.

त्या दुपारी तो जेवला नाही. बोलला नसता तर कोणाला कळलं नसतं, हे मी शपथेवर सांगतो. ताव इंजिनिअरला द्यायचा, आकडे भरायचे, आणि जागेश्वरचं नाव कायमचं शाबूत. एवढ्या वर्षांत त्याने कमावलेलं काय होतं? ते नाव, दुसरं काही नाही. त्याने कुंताबाईची पानं कापायची कैची घेतली, लेबल खरवडून काढलं आणि दोन्ही कागद घेऊन छापखान्यात आला.

श्यामराव टेबलापाशी होते. मीही होतो. जागेश्वरने दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. "मालक, हा आपला रंग. आन हा मी केलेला रंग. मायाच्यानं चुकला. दरसाली थोडा थोडा."

श्यामरावांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते एकदा या कागदाकडे, एकदा त्या कागदाकडे बघत राहिले. "मी तर रोज पाहत होतो," ते म्हणाले. "मले काहून नाही दिसलं?" इंजिनिअरने दोन्ही कागद मोजले आणि म्हणाला, "फरक बराच आहे. तुम्ही ठरवा. मशीनला दोन्ही सारखेच."

श्यामराव व्यापारी होते. त्यांनी जुन्या रंगाची थोडी लेबलं काढवली, ती लावून बंडलं मोहाडीच्या बाजाराला पाठवली. माल घेऊन जाणारा आमचा गडी श्रावण संध्याकाळी जवळजवळ सगळी बंडलं परत घेऊन आला. लोक हातात घेत, उलटीपालटी करत आणि ठेवून देत. एक म्हातारा म्हणाला होता, "हे नकली होय. आमचा शेंदरी असा नाही."

दुसऱ्या दिवशी श्यामराव म्हणाले, "जागेश्वर, तूच सांग आता. कोनता भरू?"

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मला त्याची कीव आली, आणि ज्याचा इतकी वर्षं हेवा केला त्याची कीव येणं फार वाईट असतं.

"लोकायचा भरा," जागेश्वर म्हणाला. "माया डोळा चुकला, पन लोकायनं त्या रंगाले आपला म्हनलं. आता तो मोडाचा हक मले नाही."

इंजिनिअरने विटकरी तावाचे आकडे भरले. मशीन चालू झालं. पुढे जागेश्वर त्याच मशीनवर राहिला, ताव उचलून टेबलावर ठेवायचं काम. डोळा धावायचा, चाव्या फिरायच्या, रंग केसभर हलायचा नाही. पाहुणे आले की श्यामराव आता मशीनची तारीफ करत आणि जागेश्वर बाजूला उभा राहून मान डोलवायचा. त्याची मान डोलू लागली की मी आत खिळ्यांकडे वळायचो.

एकदा मी चहाला बाहेर आलो तर त्याने मला हाक मारली. "भय्याजी, इकडे या बरं." हातात ताजा ताव होता. तो मला दाराच्या उजेडात घेऊन गेला. "पाहा. कसा दिसते?"

इतक्या वर्षांत त्याने मला रंगाचं कधी विचारलं नव्हतं. मी नीट पाहिलं. खोटं बोलावंसं वाटत होतं, पण त्याने विचारलं होतं, आणि आधी कोणी खरं सांगितलं नव्हतं म्हणूनच तर हे सगळं झालं होतं.

"थोडा काळपट आहे," मी म्हणालो.

त्याने ताव माझ्या हातातून घेतला आणि टेबलावर सरळ पसरला.

"हो," तो म्हणाला. "तसाच ठेवाचा आहे."