खाली आहे, बाबू

सिलेंडर ताब्यात घेण्याआधी मावशी त्याला ठोकून पाहायची. उजव्या हाताची दोन बोटं दुमडायची, कान तिरका करायचा आणि मानेपासून बुडापर्यंत टक-टक करत यायचं. आवाज खणखणला तर आत हवा, बद्द झाला तर तिथून पुढं गॅस. मी सिंदी रेल्वे या गावातल्या गॅस एजन्सीत काउंटरवर बसतो. वजनकाटा माझ्या शेजारीच असतो, पण मावशीचा त्याच्यावर कधी विश्वास बसला नाही. "काटा तुमचा, कान माहा," म्हणायची.

मावशी आचारीण होती. लग्न असो, बारसं असो की तेरवी, मोठा स्वयंपाक म्हटला की लोक आधी तिच्याकडे जायचे. ठोकायची सवय तिनं सिलेंडरपुरती ठेवली नव्हती. टरबूज ठोकायची, नारळ ठोकायची, तेलाचा पिपा ठोकायची. एकदा मुलगी पाहायला आलेल्या मुलाच्या बापानं, आमचं घर असं नि आमचं ओलिताचं शेत तसं, म्हणून लांबण लावलं. मावशी चहा द्यायला आली होती. तिनं त्याच्या बाजूच्या लाकडी खांबाला दोनदा ठोकलं आणि मुलीच्या आईच्या कानात म्हणाली, "खाली आहे." रिकाम्याला आमच्याकडे खाली म्हणतात, भरलेल्याला भरेल. ते लग्न मोडलं, आणि तुम्हाला सांगतो, मोडलं ते बरंच झालं.

मग तिकडं आखातात लढाई पेटली आणि इकडं आमच्या शेगड्या विझल्या. जहाजं अडकली, सिलेंडर येईनासे झाले. टीव्हीवर मोठी मोठी माणसं सांगत होती, तुटवडा नाही, अफवा पसरवू नका. वरून हुकूम आला म्हणून मीच माझ्या हातानं पाटी रंगवून दाराशी टांगली: 'सिलेंडरचा तुटवडा नाही.' त्या पाटीखालून रांग सुरू व्हायची ती रेल्वे फाटकापर्यंत जायची.

आमची माणसं वैतागली की चेष्टेवर येतात. रोज सकाळी रांगेतला पहिला माणूस पाटी मोठ्यानं वाचायचा आणि मागचे सगळे एका सुरात होकाराचा "हाव" ओढायचे. एकानं रिकाम्या सिलेंडरला हार घालून हळदकुंकू वाहिलं. मी काउंटरमागे मान घालून बसायचो. नोकरी होती बाबा, करणार काय?

मावशीचा एकुलता एक पोरगा तिकडंच, आखातात, मजुरांच्या छावणीत स्वयंपाकी होता. त्याचा पासपोर्टचा फॉर्म मीच भरला होता. मावशीजवळ फोन नव्हता, म्हणून नंबरही माझाच दिलेला. दर रविवारी दुपारी तो फोन करायचा आणि मी फोन घेऊन तिच्या घरी जायचो. लढाई लागल्यापासून अकरा दिवस फोन नाही. टीव्ही सांगत होता, आपली सगळी माणसं सुखरूप आहेत.

बाराव्या दिवशी फोन आला तो त्याच्या खोलीतल्या दोस्ताचा. मेसवर काहीतरी जळतं येऊन पडलं होतं, छत कोसळलं होतं. पोरगा दवाखान्यात आहे, जिवंत आहे, पण पाय राहील की नाही सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि पाहतो तर मावशी समोर उभी.

"कोणाचा होता?"

"त्याच्या दोस्ताचा. मजेत आहे तो, मावशी. सगळं ठीक आहे."

तिनं काउंटरच्या फळीला दोन बोटांनी ठोकलं.

"खाली आहे, बाबू."

दाराशी माझीच पाटी वाऱ्यानं हलत होती. मला माझी लाज वाटली हो. सगळं सांगून टाकलं. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

"पाय वाचन ना त्याचा?"

"माहीत नाही, मावशी."

"माईत नाई म्हणला, थे बरं केलं," ती म्हणाली. मग तिनं मला एका कागदावर पोराचं नाव, पासपोर्टचा नंबर आणि दवाखान्याचा पत्ता लिहून द्यायला लावला. तो कागद तिला भाऊंच्या हातात द्यायचा होता.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांच्याकडे एकच शिस्त होती, वाईट बातमी आत जाऊ द्यायची नाही. कार्यकर्ते तिला दारातच गाळून घ्यायचे. मावशी तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा "भाऊंनी सांगितलं, काळजी करू नका" एवढंच ऐकून परतली, कागद पदराच्या गाठीत तसाच.

तेवढ्यात भाऊंच्या डोक्यात आलं, तुटवडा नाही हे दाखवायला पाचशे माणसांची पंगत घालायची. पुऱ्या, बुंदी, मसालेभात, सगळं गॅसवर. आचारीण अर्थातच मावशी.

आदल्या दिवशी मांडवात सहा सिलेंडर आले. मावशीनं सहाही ठोकले, पाच खाली निघाले. ते फोटोसाठी आणले होते म्हणे. तिनं कार्यकर्त्याला सांगितलं. तो म्हणाला, निगेटिव्ह बोलू नका, भाऊंना आवडत नाही. तिनं दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. मग गाडीभर गोवऱ्या मागवल्या.

पुऱ्या, बुंदी, भात सगळं गेलं, रोडगे ठरले. कणकेचे गोळे थेट गोवऱ्यांच्या रसरसत्या आरात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी. आमच्याकडचं हे नवसाचं जेवण. गोवऱ्या पेटताना किती धूर होतो हे ज्याला माहीत आहे तो वारा मांडवाकडे वाहत असताना स्टेजच्या मागं कधी पेटवणार नाही. मावशीला माहीत होतं. तिनं तिथंच पेटवल्या, आणि भाजी ढवळायला मला उभं केलं.

पंगत बसली. ताटं मांडली, वाढायला अजून काही नव्हतं, म्हणून भाऊ बोलायला उठले. म्हणाले, आपल्याकडे कशाचाही तुटवडा नाही. पंगतीत कुणीतरी रिकाम्या ताटाला दोन बोटांनी ठोकलं. मावशीची ती खूण गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. शेजाऱ्यानं ठोकलं, त्याच्या शेजाऱ्यानं ठोकलं, आणि बघता बघता सगळी पंगत खणखणायला लागली. भाऊंना वाटलं, स्वागत चाललंय. त्यांनी हसून हात हलवला.

मग ते म्हणाले, परदेशातला आपला एकेक माणूस सुखरूप आहे. तेवढ्यात धूर स्टेजवर चढला. भाऊंना ठसका लागला, डोळ्यांतून धारा वाहायला लागल्या. एका कार्यकर्त्यानं माइक घेतला आणि जाहीर केलं, भाऊंना गहिवरून आलं आहे. हसू दाबताना माझ्या हातातला झारा भाजीत पडला.

भाऊ तणतणत मागं आमच्याकडे आले. पण धुरात उभ्या माणसाला ओरडता येत नाही. धूर वर जातो. आगीजवळ श्वास घ्यायचा तर जमिनीला टेकावं लागतं. चुलीपुढं जन्म काढलेल्या बाईला हे कळतं, पुढाऱ्याला कुठून कळणार?

"उभे काऊन राह्यले, भाऊ? बसून घ्या. बुडाशी धूर नसते."

भाऊ बसले. पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी राखेत बसले. कार्यकर्ते त्यांना शोधत होते, पण धुरात कुणाला काही दिसत नव्हतं. मावशीनं पदराची गाठ सोडली, कागद त्यांच्या हातात दिला आणि पोराच्या नावापासून कोसळलेल्या छतापर्यंत सगळं सांगितलं. भाऊंचं तोंड सवयीनं उघडलं. काळजी करू नका, सगळं ठीक...

मावशीनं बाजूच्या सिलेंडरला ठोकलं. तो चांगला खणखणला.

"तसं नोका म्हणू, भाऊ. माईत नाई म्हणा. मंग कोणाले तरी विचारा."

भाऊंनी कागद उलगडून वाचला. "मला माहीत नाही, मावशी," ते शेवटी म्हणाले. "विचारतो." आणि तिथंच राखेत बसून त्यांनी फोन लावला. एक झाला, दुसरा लावला. मी त्यांना आजवर शिव्याच घातल्या आहेत, पुढंही घालीन. पण तेवढं त्यांच्या पदरात टाकायलाच हवं.

रोडगे झकास झाले. लोक बोटं चाटत जेवले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, सहा सिलेंडर ओळीनं उभे आणि वर मथळा, गॅसवर पाचशे पानं. मी त्या दिवशी माझी पाटी उतरवली आणि मागच्या बाजूनं लिहून टांगली: 'आज सिलेंडर नाहीत.' मालकानं खूप झापलं. पण लोकांनी वाचलं आणि उन्हात उभं न राहता आपापल्या घरी गेले.

मावशी आता सिंदीत नाही. पोरासोबत जाम या गावी गेली, तिथं हायवेच्या नाक्यावर दोघं खानावळ चालवतात. माझ्या काउंटरची फळी तेव्हापासून कुणी ठोकलेली नाही. मी काही थाप मारली की माझाच हात तिकडं जातो.

पण मला आठवतो तो पोरगा आला तो दिवस. पॅसेंजर थांबली, दोघांनी धरून त्याला खाली उतरवलं. काखेत कुबड्या, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. भाऊंची माणसं हार घेऊन पुढं घुसली होती. मावशीनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं. पोराच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. प्लॅटफॉर्मवर बसली, दोन बोटं दुमडली, कान तिरका केला आणि मांडीपासून ठोकत ठोकत निघाली.

"आई, दुखते ना व," पोरगा कळवळला.

ती थांबली नाही. घोट्यापर्यंत गेली. मग पावलावर हात ठेवून तिनं माझ्याकडे वर पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी कुठंच धूर नव्हता.

"भरेल आहे, बाबू," ती म्हणाली.