पेशी सुटेचनात

"मॅडम, सोमवारपर्यंत बघतो. काही वाढलं तर ठीक, नाहीतर ही खोली स्टोअरला द्यायची." आमचे संचालक कुलकर्णी सर दारातूनच एवढं बोलले आणि गेले. शनिवार होता. आत माझी मदतनीस शोभा पेशींचा फ्लास्क धुऊन माझी वाट बघत होती.

अंबाजोगाईतल्या एका छोट्या खाजगी संशोधन केंद्रातली ही गोष्ट. बाजार नुकता खुला झाला होता. परदेशी केमिकलं आता सहज मिळत, पण पुण्यापर्यंतच. पुढे एसटी. मी अभ्यास करत होते तो कॅन्सरच्या पेशी आपली जागा सोडून शरीरभर कशा पसरतात याचा. पेशी प्रोटीनच्या धाग्यांनी जागा धरून बसतात. प्रोटीन कापणारी जी एन्झाइम्स असतात, त्यांना प्रोटीएज म्हणतात. धागे तुटले की पेशी मोकळ्या.

पुण्याच्या मैत्रिणीनं पेशींचा एकच फ्लास्क धाडला होता. तो आता तळभर वाढला होता. जागा संपली की पेशी मरायला लागतात, म्हणून ट्रिप्सिन नावाचं प्रोटीएज घालून त्यांना तळापासून सोडवायचं आणि दोन फ्लास्कांत वाटायचं. हे जमलं नाही, तर पेशीही जाणार आणि खोलीही.

मी ट्रिप्सिन घातलं. मायक्रोस्कोपखाली बघितलं. एकही पेशी हलेना. आणखी थांबले, फ्लास्क तळहातावर हलकेच आपटला. छे!

"लई घट बसल्यात मॅडम," शोभा म्हणाली. ती तलवाड्याची, एम.एस्सी. करून नुकतीच माझ्याकडे रुजू झालेली.

जास्त वेळ ठेवलं तर ट्रिप्सिन पेशींनाच इजा करतं. मी ते घाईनं काढलं आणि मीडियम, म्हणजे पेशींचं खाणं, परत घातलं.

पहिला संशय लाइटवर. रोज तास न् तास लाइट जायची आणि फ्रिज कोमट व्हायचा. ट्रिप्सिन मेलं असणार. ते तपासायला महागडं किट नव्हतं, पण शेजारी रशीदभाईंचं एक्स-रे क्लिनिक होतं.

"रशीदभाई, एखादी वाया गेलेली फिल्म आहे का?"

"एकच कावून न्यायची, गठ्ठाच न्या की. पर हाड कुणाचं मोडलं?"

"अजून कुणाचं नाही. सोमवारी माझं मोडेल."

एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन म्हणजे प्रोटीनच. त्यावर ट्रिप्सिनचा थेंब ठेवला, थोडा वेळ थांबून फिल्म नळाखाली धरली. थेंबाच्या जागी काळा थर निघून स्वच्छ गोल डाग पडला. ट्रिप्सिन ठणठणीत होतं! आनंद झाला, पण मग चुकतंय कुठं?

"शोभा, पहिल्यापासून कर. मी नुसती बघते."

तिनं मीडियम काढलं, तळाशी थोडं राहू दिलं. मग चमचाभर मिठाचं पाणी घेतलं, ते फ्लास्कच्या चारी कोपऱ्यांत फिरवलं आणि काढून टाकलं. संपलं धुणं.

"एवढंच?"

"निघालं की मॅडम सगळं. जास्त कावून वाया घालवायचं?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही मुलगी टँकरच्या पाण्यावर वाढलेली. पेलाभर पाण्यात पातेलं स्वच्छ करणं हे तिच्या घरचं वळण. पण मीडियममध्ये सीरम असतं, रक्तातला पातळ भाग, आणि त्यात ट्रिप्सिनला रोखणारी प्रोटीनं असतात. ते तळाशी उरलं की ट्रिप्सिन थंड पडतं.

"अगं, इथं हात सैल सोड. लग्नघरासारखं पाणी वापर."

"लग्नात बी आमच्याकडं मोजूनच देतेत मॅडम."

हसू आवरेना. मग तिनं तळाचा थेंब न् थेंब काढला आणि फ्लास्क मिठाच्या पाण्यानं दोनदा भरपूर धुतला. मी ट्रिप्सिन घातलं. थोड्याच वेळात पेशी आखडल्या, गोल झाल्या आणि तरंगू लागल्या. "सुटल्या! मॅडम, सुटल्या!" शोभा एवढ्यानं ओरडली की रशीदभाई डोकावून गेले.

त्या आम्ही दोन फ्लास्कांत वाटल्या. रविवारी दोन्हींत पेशी नव्या तळाला चिकटलेल्या दिसल्या. सोमवारी सर मायक्रोस्कोपवर वाकले.

"ह्या चिकटल्यात?"

"हो सर."

"म्हणजे तुम्ही पण इथंच चिकटणार." खोलीची किल्ली माझ्याकडेच राहिली.

शोभा पुढे नेमानं दोनदा धुवायची, पण तोंड कडू औषध घेतल्यासारखं करून. शेवटी एक दिवस म्हणालीच, "मॅडम, दोनदा धुते. पर डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राला गार करून जे पाणी दिवसभर मोरीत जातं, तेवढं मला धरू द्या."

तिनं मोरीजवळ ड्रम ठेवला, मग दुसरा. त्या उन्हाळ्यात गावाचे नळ आटले, टँकरची वाट बघण्यात दिवस जायला लागले. आमची लॅब मात्र एक दिवसही बंद पडली नाही. त्या ड्रमांतलंच पाणी यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरत राहिलं. माझं पुढचं सगळं काम त्या पेशींवर उभं आहे. रशीदभाईंचे, खोली काढून न घेणाऱ्या सरांचे आणि सगळ्यांत जास्त शोभाचे उपकार मी विसरलेले नाही.

फ्लास्क धुताना हात सैल सोडावा आणि मोरीजवळ ड्रम ठेवावा. पहिलं मी तिला शिकवलं, दुसरं तिनं मला. जास्त उपयोगी दुसरंच पडलं.