आमचा महेश आणि चुलत्यांचे पेढे

मंडळी, आज मुरुमला आमच्या घरी जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कॅनडात नर्स आहे. आई आणि धाकट्या भावाला कायमचं तिकडं नेण्यासाठी मी स्पॉन्सर केलं होतं. महेशला जन्मापासून चालता येत नाही, बोलणंही अडखळतं. दोघांचे अर्ज मंजूर झालेत आणि मी त्यांना न्यायला आलेय.

सकाळी थोरले चुलते पेढे घेऊन आले. याच आप्पांनी आपल्या मुलाच्या लग्नात आईला सांगितलं होतं, "पाहुण्यांसमोर महेशला आणू नका, बरं दिसत न्हाय." आई त्याला घेऊन घरीच बसली होती.

आज म्हणाले, "पोरी, आमच्या सुनीलचंबी नाव टाक की त्यात. त्योबी तुझा भाऊच हाय."

मी शांतपणे म्हटलं, "आप्पा, आईसोबत तिचंच लेकरू नेता येतं. ते मोठं असलं तर तिच्या आधाराशिवाय न जगू शकणारं लागतं. तुमचा सुनील धडधाकट आहे. त्याला तिथं जागा न्हाय."

आप्पांचा चेहरा उतरला. सावरायला म्हणून त्यांनी महेशपुढं पेढा धरला. पेढ्यासाठी जीव टाकणाऱ्या महेशनं तोंड फिरवलं. म्हणाला, "न... नको."

आप्पा गेल्यावर आई रागावली, "दारात आलेल्याला असं लावून बोलू नये."

मला मात्र लई बरं वाटलं, अजूनही वाटतंय. तुमच्या भावाला कुणी असं लपवायला लावलं असतं, तर तुम्ही गोड बोलला असता का?