शमुनीच्या शेगडीवरचा बुशाला

इराकातल्या अल्कोश या ख्रिस्ती गावात शमुनीला सगळे मावशीच म्हणत. सतरा वर्षं बगदादेत लोकांघरी रांधून ती गावी परतली, तेव्हा शेजारची पोरं अरबीतच भांडत होती. आपली सुरेथ बोली त्यांना कळायची, पण जिभेवर यायची नाही. शमुनी शाळेत गेलेली चारच वर्षं. तरी देवाचं नाव घेऊन तिनं पोरांना स्वयंपाकघरात बसवलं आणि हाताला लागेल त्या पदार्थावरून बोलायला शिकवू लागली. वर्षभरात अकरा पोरं झाली, भिंतीला पाठ टेकायलाही जागा उरेना.

तिनं चर्चची रिकामी खोली मागितली. गावचे धर्मगुरू योनान, ज्यांना सगळे काशा म्हणत, म्हणाले, "शनिवारी येऊन बघतो. व्याकरण येत नसेल तर खोली नाही आणि वर्गही बंद. चुकीचं शिकवलेलं पुसून निघत नाही, बाई."

शनिवारी ते वेळेआधीच टपकले. शमुनीनं पातेल्यावर हातानं क्रूसाची खूण करून बुशाला नुकता चढवला होता. दह्याचं दाट सार, त्यात पीठ, गहू, बिटाची पानं. उकळी येईतो ढवळणारा हात थांबला की दही फाटलंच. काशा आत आले की उठून त्यांच्या हाताला ओठ टेकवायचे, अशी रीत. पोरं उठली. शमुनी शेगडीपाशीच.

"माफ करा काशा, हात सोडता येत नाही." गेली खोली, तिच्या मनात आलं.

"तोंड तर मोकळं आहे? बुशाला शब्द कुठून आला?"

"नीनो सांगेल."

नऊ वर्षांची नीनो घडाघडा म्हणाली, "ब, श, ल. ही तीन अक्षरं म्हणजे शिजणं. त्यांतून बशेल, म्हणजे शिजव. बुशाला म्हणजे शिजवणं, आणि शिजवलेलंही. पुढे 'म' आणि शेवटी 'आना' लावला की माणूस होतो. मबश्लाना, स्वयंपाकी."

"याच साच्यातला दुसरा शब्द?"

पोरं शमुनीकडे बघू लागली. शमुनीनं डाव दुसऱ्या हातात घेतला. "साचेबिचे मला ठाऊक नाहीत, काशा. पण खुशावा कानाला तसाच लागतो."

खुशावा, म्हणजे विचार. साचा तोच होता; काशांनी मान डोलावली. मग झग्याची बाही वर सारली. "आण तो डाव. हात भरून आला असेल."

"काशा, उलटं फिरवताय!" नीनो किंचाळली.

"अगं, आई पण मला अशीच ओरडायची!" ते हसले आणि मुकाट्यानं दिशा बदलली.

दोन वाट्या संपवून ते म्हणाले, "खोली घे."

शमुनीनं धीर केला. "तिथं शेगडी नाही. शेगडीवाचून मला शिकवता यायचं नाही."

"मग इथलीच उचलू. पुस्तकातलं मी सांगेन, चव तू सांभाळ."

सोमवारी दोघा गड्यांनी शेगडी चर्चच्या अंगणातून नेली. मागून पोरं भांडी वाजवत निघाली, आणि भांडत होती सुरेथमध्ये. शमुनीनं उंबऱ्यापाशी गुडघा टेकला, आभार मानले, आणि सगळ्यांना हात धुवायला पिटाळलं.