शुगर-फ्री कढईचं पाणी

तो दिवा लागायला नको होता.

मालाडच्या एका मिठाईच्या कारखान्यात आमचा डेमो चालू होता. पवईची आमची छोटी कंपनी फ्युएल सेल बनवते. सेलमध्ये एन्झाइम असतं. ते सांडपाण्यातल्या ग्लुकोजवर काम करतं आणि त्यातून थोडी वीज मिळते, एक एलईडी लागेल एवढी. पण हे एन्झाइम खाण्याच्या बाबतीत भारी हट्टी. दुधातल्या साखरेकडे ढुंकून बघत नाही. त्याला ग्लुकोजच लागतं.

काजूकतलीच्या पाकात ग्लुकोज असतंच. तिच्या कढईचं धुवण टाकलं, दिवा लागला. मालक खूश. आता ग्लुकोज नसलं की दिवा लागत नाही, हे दाखवायचं होतं.

मालकच म्हणाले, "आमच्या शुगर-फ्री पेढ्यांच्या कढईचं घ्या ना, मॅडम. कढई वेगळी, खोली वेगळी. साखर शिवत नाही तिला."

पाणी मी स्वतः घेतलं. सेल नवा, थेंब टाकायची पिपेटही नवी. दिवा लख्ख लागला.

मालकांचा चेहरा उतरला. माझा बॉस केदार माझ्याकडे बघत म्हणाला, "सायली, पिपेट मघाचीच वापरलीस का गं?"

नवं पाकीट त्याच्यासमोरच फोडलं होतं. पण ही ऑर्डर गेली तर कंपनीला टाळं लागणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"हो," मी म्हणाले. "माझीच चूक."

मालक मोकळे हसले. निघताना त्यांनी शुगर-फ्री पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवला आणि मी चक्क थँक यू म्हटलं. आठवलं की अजून कान तापतात.

मुलुंडला घरी आल्यावर बाबांनी बॉक्स उघडला. त्यांना डायबेटिस आहे. मी त्यांच्या हातातला पेढा काढून घेतला आणि सगळं सांगितलं.

"मग तू काय बोललीस तिथे?"

"माझी चूक म्हणाले."

बाबांनी बॉक्स बंद केला. मग हळूच म्हणाले, "समोरचे सावंत हेच पेढे खातात गं. गेल्याच महिन्यात शुगरमुळे त्यांच्या पायाचं बोट कापावं लागलं."

मी समोरची बेल वाजवली. सावंतकाका लंगडत आले, माझ्या हातातला बॉक्स बघून खुलले. "अरे वा, आमचेच पेढे! ये ना, आत ये." त्यांच्याकडे बघून बोलणं मला जमलं नाही. मी जमिनीकडे बघत सांगितलं.

सकाळी खरा रिपोर्ट लिहिला आणि केदारला, मालकांना, दोघांनाही पाठवला. ऑर्डर गेली. कंपनी कशीबशी तग धरून आहे. केदार माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

समोर गिऱ्हाईक बसलंय, हे एन्झाइमला कळत नाही. मला कळलं, तिथेच वाट लागली.