दोघांच्या नावाची ठेव आणि हळदीचा पुडा

परवा सकाळी पुण्याहून नातीचा फोन आला. तिचं आणि तिच्या मित्राचं लग्न अजून व्हायचंय, पण दोघांनी मिळून एफडी केलीय. "आजी, पैसे दोघांचे, पण व्याज सगळं त्याच्याच नावावर दिसतंय. टॅक्स कुणी भरायचा गं?"

मी हसतच सुटले. ती रागावली... पण तिला काय माहीत, ह्याच प्रश्नानं एकदा माझा जीव टांगणीला लावला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहायचे, शाळेत शिकवायचे. बिरू, म्हणजे आत्ताचे आमचे हे, पाटणला सरकारी इंजिनिअर. आम्ही पलूसचे, ऊसवाले. हे जतकडचे, आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. जात वेगळी, त्यामुळे घरी लग्नाचं नाव काढायची सोय नव्हती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळलं असतं तर नोकरी बंद आणि दुसऱ्याच मुलाशी लग्न. पलटणीतला एक मुलगा त्यांनी हेरूनही ठेवला होता.

लग्न होईल तेव्हा होईल, निदान जागेपुरते पैसे तरी साठवू म्हणून सांगलीतल्या एका हळदीच्या पेढीवर आम्ही दोघांच्या नावानं ठेव ठेवली. पहिलं नाव ह्यांचं, दुसरं माझं. आपलं कुठं बोलायचं नाही, अशी मी ह्यांना शपथ घातली... आणि पत्ता मात्र शहाणीनं पलूसचा लिहिला. कायमचा पत्ता म्हटलं की गावचाच, आमच्याकडं दुसरा सुचतच नाही.

दिवाळीच्या पाडव्याला पेढी ठेवीदारांना हळदीचा पुडा द्यायची. पहिली दोन वर्षं जुन्या दिवाणजींनी पुडा आणि व्याजाची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. तिसऱ्या वर्षी नवे दिवाणजी आले, भलतेच तत्पर. त्यांनी दोन्ही पोस्टानं पलूसला धाडलं.

मी शाळेतलं काम उरकून दोन दिवस उशिरा घरी पोचले, तर आबा सोप्यात बसलेले. पुढ्यात पुडा, हातात चिठ्ठी. आबा मिलिटरीतून हवालदार होऊन आलेले. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्याचंच जास्त भ्या वाटायचं.

"ह्यो कोण?"

थापा मारायचं बळच उरलं नव्हतं, सगळं सांगून टाकलं. आई चुलीपुढून उठलीच नाही. चिठ्ठी पुन्हा वाचून आबा म्हणाले, "येवडं व्याज येतंय, तर सरकारचा टॅक्स कोण भरतंय?"

मला ठाऊकच नव्हतं. पेन्शनवाला माणूस, सरकारचं देणं थकलं की त्यांना अन्न गोड लागायचं नाही. म्हणाले, "सोमवारी त्याला सांगलीला बलीव."

सोमवारी टॅक्सच्या वकिलांपुढं आम्ही तिघं. वकिलांनी ह्यांचे कागद चाळले आणि चष्मा काढला. "अहो, सगळं व्याज एकट्याच्या उत्पन्नात का दाखवलंत? पहिलं नाव कुणाचं, ह्याला अर्थ नाही. ज्यानं जेवढे पैसे घातले, तेवढं व्याज त्याचं. बाईंच्या पगाराला तर टॅक्सच लागत नाही. त्यांच्या वाट्याचा तुम्ही दोन वर्षं उगाच भरलात."

कुणी किती घातले ते लिहून ठेवायचं आणि ज्यानं त्यानं आपला वाटा दाखवायचा. एवढंच होतं.

"ठाऊक न्हवतं व्हय रं?" आबांनी विचारलं.

"ठाऊक हुतं," हे म्हणाले. "पर हिचं नाव लिवलं असतं, तर साहेबानं इचारलं असतं, ही तुमची कोण. खोटं मला सांगायचं न्हवतं... आन् खरं सांगायचं न्हाई म्हणून हिची शपथ."

मला तिथंच रडू आलं. दोन वर्षं हा माणूस माझ्या शपथेपायी पदरचे पैसे भरत होता, आणि मला एका शब्दानं बोलला नव्हता.

बाहेर आलो, चहा घेतला, पैसे आबांनी दिले. ह्यांना स्टँडवर सोडून आम्ही एस.टी.त बसलो. निम्मी वाट सरल्यावर खिडकीबाहेर बघत आबा म्हणाले, "तुज्या आईला सांग, त्यो हळदीचा पुडा सैपाकात काडू नगं. तुळशीचं लगीन झालं की लागंल."

पुढं वर्षभर भावकी आमच्या दारात आली नाही. आबांनी ते सोसलं, मला कधी बोलून दाखवलं नाही. आज हे लिहिताना त्यांची फार आठवण येतेय.

नातीला सांगितलं, बाई, कुणी किती घातले ते कागदावर लिहून दोघं सह्या करा, आणि आपापल्या वाट्याचं व्याज आपापल्या रिटर्नमध्ये दाखवा. आणि तो तुझ्या वाट्याचा टॅक्स गुपचूप भरताना सापडला... तर आधी त्याला रागव, मग आबांच्या फोटोच्या पाया पडायला पलूसला घेऊन ये.